मन्नी, तुझं सोवळं आणि तुझी लघवी

मन्नी, तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, नेमकं काय झालं होतं. मी सांगायला तोंड उघडते तोवर भाऊजी, तुझा नवरा, घाईघाईने म्हणतात, "किडनी." मग आलेला माणूस मान हलवतो, कॉफी पितो, तुझ्या पुण्याईबद्दल चार शब्द बोलतो आणि तांबरम स्टेशनकडे चालू लागतो. महिना झाला, हेच चाललंय. किडनी हा शब्द कसा चारचौघांत बोलायला बरा. लघवी म्हणता येत नाही. म्हणून मी इथे म्हणते, तुला म्हणते, कारण आता तू माझ्या तोंडावर हात ठेवायला येणार नाहीस. तू लघवी अडवून अडवून गेलीस. मला तुझा इतका राग आलाय की अजून धड रडताही आलेलं नाही.

मी सोलापूरहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू मुरलेली थोरली सून होतीस. तुझी मराठी तंजावरची, माझी सोलापूरची, आणि मधे सगळीकडे तमिळ. पहिल्याच दिवशी मी तुला "जाऊबाई, तुम्ही" म्हटलं तर तू म्हणालीस, "मन्नी म्हण, तू म्हण. तुम्ही म्हट्लेवर मी म्हातारी होते." भाजीवाल्याशी भांडायचं तमिळ तू मला शिकवलंस, आणि आत्यांशी न भांडता आपलं म्हणणं खरं कसं करायचं तेही. आत्या म्हणजे आपल्या नवऱ्यांची आत्या, या घरातलं वरचं कोर्ट. अजून आहेत, ठणठणीत आहेत. त्या स्वतः कधीच चुलीपाशी नव्हत्या, त्यामुळे त्यांना काही झालं नाही.

सोवळं माझ्या माहेरीही होतं, पण ते सणावारापुरतं. इथे रोज. तुम्ही त्याला मडी म्हणत होता. पहाटे आंघोळ करायची, उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं लुगडं नेसायचं, की त्यानंतर कुणाला शिवायचं नाही. स्वयंपाक, नैवेद्य, पुरुषांची जेवणं, आत्यांचं जेवण, हे सगळं उरकेपर्यंत मडी टिकली पाहिजे. मधे संडासात गेलं की ती मोडली. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा दुसरं वाळलेलं लुगडं, आणि पुन्हा आत्यांचा चेहरा. तू त्यावर सोपा उपाय काढला होतास. तू जातच नव्हतीस. पहाटे एकदा, आणि मग थेट दुपारी सगळ्यांची पानं उचलल्यावर. सकाळची कॉफीसुद्धा तू घोटभर घ्यायचीस, जास्त नको म्हणून.

आणि या गोष्टीचा तुला अभिमान होता, त्याने माझं डोकं आणखी फिरतं. मला जायला लागायचं आणि मी जायचे. "सोलापूरच्यांचं चिमणीचं पोट," तू म्हणायचीस, "दोन घोट पाणी प्याली की पळाली." सगळे हसायचे, मीही हसायचे. मला मडीच्या स्वयंपाकाला कुणी उभं केलं नाही ते त्या चिमणीच्या पोटामुळे. मी बाहेरच्या ओट्यावर भाजी चिरायची, नारळ खवायची आणि आत तू एकटी. तुझ्या सासूने तुला हे शिकवलं होतं, तिला तिच्या सासूने. एखादीला राग दाबायला शिकवतात, तसं तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लघवी दाबायला शिकवलंत आणि त्याला वळण म्हणालात.

मला बँकेत नोकरी लागली तेव्हा आत्या म्हणाल्या, सुनेने घराबाहेर पडलं तर देवाचं कोण करणार. तू पदर खोचून पुढे आलीस. म्हणालीस, मडीचं अस्के मी बघते, हिला जाऊ द्या. अस्के म्हणजे सगळं. आणि खरंच सगळं तू बघितलंस. माझा डबा तू भरलास, माझ्या मुलीला ताप आला तेव्हा तू तिच्या उशाशी बसलीस, परीक्षा देऊन मी अधिकारी झाले तेव्हा केसरी, म्हणजे इथला गोड शिरा, तू केलीस. हे उपकार मी विसरलेली नाही. पण उपकार केलेल्या माणसावर रागवायचं नाही असा नियम असेल तर तो मला पाळायचा नाही. तू माझ्यासाठी जे केलंस त्यातलं अर्धंही स्वतःसाठी केलं असतंस तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मग ती कोरडी वर्षं आली. तलाव आटले, नळ सुकले, गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी यायची आणि रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. एकवेळची आंघोळ जमली तर नशीब, दुसरी कुठून आणणार. इतर घरांतल्या बायकांनी त्या वर्षांत नियम सैल केले. पंचा ओला करून अंग पुसलं आणि देवाला हात जोडले. देवालाही लॉरीची वेळ ठाऊक होती. तू मात्र उलटं केलंस. आंघोळीचं पाणी वाचवायला लघवी वाचवलीस. पाणी प्यायचीस तेही कमी केलंस. उन्हाळा चेन्नईचा, चुलीपुढे तू, आणि अंगात आधीच साखर. तू ओठ कोरडे पडले की जिभेने ओले करायचीस, ते मी बाहेरच्या ओट्यावरून बघायचे आणि म्हणायचे, मन्नी, पाणी पी. तू म्हणायचीस, "मग कोठें जाऊं?"

पाऊस परत आला, वेलचेरीला तर इतका की तुझ्या मुलाच्या, मुरलीच्या, फ्लॅटच्या जिन्याशी गुडघाभर पाणी. पण तुझं बिघडलेलं सुधारलं नाही. आता तू थांबूच शकत नव्हतीस. सारखी जायचीस, थोडंसं व्हायचं, बाहेर आलीस की पुन्हा आत. खोकलीस की लुगडं ओलं. तू ते कुणाला सांगितलं नाहीस. माझ्या लक्षात आलं कारण तू दिवसभर कमरेला जुना पंचा गुंडाळू लागलीस आणि देवळात जायचं बंद केलंस. मी विचारलं तर म्हणालीस, वय झालं. तुझं वय काय झालं होतं गं, आत्या तुझ्यापेक्षा केवढ्या मोठ्या, त्या अजून मार्गळीच्या, आपल्या धनुर्मासाच्या, थंडीत पहाटे दारोदारच्या रांगोळ्या, कोलम, बघायला गल्लीभर फिरतात.

मी तुला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. घरचे जुने डॉक्टर, भाऊजींचे मित्र. त्यांच्यासमोर तू लाजेने अर्धी झालीस. वारंवार जावं लागतं, एवढंच पुटपुटलीस. त्यांनी पोटाला हात लावला नाही, आणखी काही विचारलं नाही. वारंवार येणारी लघवी कमी करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि भाऊजींची खुशाली विचारली. गोळ्या घेतल्यावर पोट फुगू लागलं. भाऊजी म्हणाले, वायू असेल. तू ओवा खाल्लास. मी म्हटलं, तिची लघवी बाहेर पडत नसेल. त्यावर भाऊजी हसले. म्हणाले, दिवसातून पन्नास वेळा जाते आणि तू म्हणतेस बाहेर पडत नाही. इंजिनिअर माणूस. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की खाली सगळ्यांना ओरडून सांगणारा, आणि बायकोची टाकी भरून वाहतेय हे त्याला कळलं नाही.

शेवटी तुझ्या पायांवर सूज आली तेव्हा मी कुणाला न विचारता रजा टाकली आणि तुला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथली डॉक्टर तरुण बाई होती. तिने तुला झोपवलं, ओटीपोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. मग नळी घातली. पिशवी भरली, नर्सने ती बदलली, दुसरीही भरू लागली. तू डोळे मिटून पडली होतीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखतंय का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "नाहीं गं. इतकं हलकं मला कितीक वर्षांत वाटलं नाहीं." त्या क्षणी मला त्या खोलीतलं काहीतरी उचलून फोडावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाईने आपल्याला बसवून नीट तमिळमध्ये समजावलं, तुला आठवत असेल. मूत्राशय ही स्नायूची पिशवी असते. भरली की नसा मेंदूला कळवतात, मग स्नायू आवळतो आणि पिशवी रिकामी होते. तुझ्या साखरेने त्या नसा बोथट झाल्या होत्या, म्हणून पिशवी तुडुंब भरली तरी तुला पत्ता नव्हता. स्नायू ताणून ताणून लेचापेचा झाला होता, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा. जे सारखं थेंबथेंब येत होतं ते वरचं ओसंडलेलं होतं, आतला साठा तसाच होता. त्यात त्या गोळ्यांनी उरलासुरला जोरही काढून घेतला. साठा मागे तटून मूत्रपिंडांवर दाब आला, म्हणून पाय सुजले. मणक्याच्या आजारानेही असं होतं, काही बायकांचं गर्भाशय खाली उतरतं त्यानेही होतं, पण ते तुला नव्हतं. मी विचारलं, जन्मभर सकाळ सकाळ अडवून धरल्याने झालं का हे. ती खोटं बोलली नाही. म्हणाली, मुख्य कारण साखर. अडवण्याने ताण नक्की वाढला असेल, पण किती ते कुणालाच सांगता येणार नाही.

घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. भाऊजींनी त्यातला साखर एवढा शब्द उचलला आणि बाकीचं सोडून दिलं. आत्याही म्हणाल्या, हो, हिला गोडाची आवडच फार. म्हणजे झालं. मडी सुटली, गोळ्या देणारे डॉक्टर सुटले, नवरा सुटला. दोष तुझ्या जिभेला लागला. तू मूग गिळून बसलेली. अगं, एकदा तरी बोलायचं होतंस.

उपाय होता, मन्नी. हेच मला गिळवत नाही. स्नायू पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही, पण त्याच्याशिवाय भागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. बारीक नळी, स्वच्छ हात, ठरलेल्या वेळी आपली आपण घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढून टाकायची. तू घाबरशील असं मला वाटलं होतं. पण ज्या हातांनी तू कोलमची रेघ एका दमात ओढायचीस, त्या हातांना ते लगेच साधलं. सूज उतरली. तू पाणी प्यायला लागलीस, पेल्याने, घटाघटा. दोघी वेलचेरीला मुरलीकडे गेलो, वाटेत शेअर ऑटोत तू माझ्या कानाशी म्हणालीस की आता तुझ्या सोलापूरला येऊन सिद्धेश्वराची जत्रा बघेन. मी मनात तिकिटंसुद्धा काढली होती.

आणि मग मामंजींचं वर्षश्राद्ध जवळ आलं. नळी सकाळीही घालावी लागणार होती, आणि ती घातली की मडी मोडणार. तू आधी शुक्रवारची सकाळ गाळलीस, मग सणाची, मग रोजचीच. मी पकडलं तेव्हा म्हणालीस, श्राद्ध सांगणाऱ्या शास्त्रींना विचार, ते म्हणतील तशी मी वागते. पुरुषाशी तो शब्द बोलायला तुझी जीभ रेटेना, म्हणून मीच त्यांना गाठलं आणि सरळ सांगितलं. ते जरा अवघडले, मग म्हणाले की आजारी माणसाला हे नियम नाहीत. हातपाय धुवावेत आणि कामाला लागावं, कसलाही दोष नाही. मी जवळजवळ धावत घरी आले. शास्त्रींनी सोडलं होतं, शास्त्राने सोडलं होतं. आता तू का अडावीस?

तू चुलीपाशी उभी होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "ती सूट आजाऱ्याला आहे. मी आजारी नाहीं."

मी म्हटलं, तू आजारी आहेस, मन्नी. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. तुझा असा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. तू म्हणालीस, "आज नळीला सूट घेतली, उद्या अस्के म्हणतील चुलीपासूनच सूट घे. परवां मी हॉलमध्ये खुर्चीवर. तुझी बँक आहे गं. माझं कोण आहे, चूल सोडून?"

मी भांडायला लागले. म्हटलं, श्राद्धाचा स्वयंपाक मी करते, रजा घेते, मडी नेसते, तू आत येऊ नकोस. तू हसलीस. तो विनोद होता की नव्हता, मला अजून ठरवता येत नाही. म्हणालीस, "तू? तुला थांबता येत नाहीं." मी दार आपटून गेले आणि श्राद्धाच्या दिवसापर्यंत आपण एकमेकींशी बोललो नाही. खरं तर मला सांगायचं होतं की मला तुझी गरज आहे, चूल असो वा नसो, हॉलमधल्या खुर्चीत बसून तू मला नुसती चिडवत राहिलीस तरी चालेल. इतकं साधं वाक्य. पण आपल्या दोघींनाही भांडणाची सवय, प्रेमाचं बोलायची नाही.

श्राद्धाच्या दिवशी तू पहाटेपासून उभी. ब्राह्मण उशिरा आले, विधी लांबला, पानं दुपार टळल्यावर मांडली. वडे तळताना तू मधेच झारा ठेवून भिंत धरलीस. मी दारातून म्हटलं, जाऊन ये. तू मान हलवून नाही म्हणालीस. ब्राह्मण तृप्त होऊन उठले, भाऊजींना आशीर्वाद देऊन गेले, आणि तू भिंतीला टेकून बसलीस ती हुडहुडी भरूनच. साठून राहिलेल्या लघवीत रोग माजला होता, तो रक्तात गेला, डॉक्टरीणबाई म्हणाली. आधीच थकलेली मूत्रपिंडं त्यात टिकली नाहीत. हॉस्पिटलात शुद्ध होती तोवर तू मला एकच विचारलंस, खीर सगळ्यांना पुरली का. मी म्हटलं, पुरली. ते आपलं शेवटचं बोलणं. जन्मभराच्या सहवासाचा शेवट खिरीवर.

लोक म्हणतात, भाग्यवान, सवाष्ण गेली, शेवटपर्यंत मडी मोडली नाही. मी त्यांना कॉफी देते. मनात म्हणते, तुमच्या भाग्याला आग लागो.

काल तुझं पहिलं मासिक श्राद्ध झालं. तेवढं सांगते आणि थांबते. मुरलीच्या बायकोला, वैदेहीला, आत्यांनी तुझ्या जागी उभं केलं. पोरीने कॉम्प्युटर कंपनीतून रजा काढली होती. तुझं लुगडं, तुझी चूल, दाराशी पाट टाकून पहाऱ्याला आत्या. मी नेहमीसारखी बाहेरच्या ओट्यावर. ब्राह्मणांची पानं मांडून झाली होती, तेवढ्यात माझं लक्ष गेलं. वैदेही या पायावरून त्या पायावर होत होती. ओठ दाबलेले. तिने आत्यांना हळूच काही विचारलं आणि आत्या म्हणाल्या, "आतां पानं मांडलींत. थोडं धर गं, धरायला येतं."

मी उठले. पारोशी, बाहेरच्या साडीने, सगळ्यांच्या देखत मी मडीच्या स्वयंपाकघरात गेले आणि वैदेहीचं मनगट धरलं. तिला शिवले. मी म्हटलं, "मोडली मडी. आता राखायला काही उरलं नाही. जा, लघवीला जाऊन ये."

ती गेली. आत्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. भाऊजी आसनावरून उठले नाहीत. शास्त्री खाली पळीपात्राकडे बघत बसले. वैदेही परत आली, हात ओले, आणि दारातच अडली. "काकू, आंघोळ करूं?" मी विचारलं, हात धुतलेस ना. ती हो म्हणाली. मी भाताचं पातेलं तिच्या हातात दिलं. तिने वाढलं. ब्राह्मण जेवले, पोटभर जेवले.

तुझ्या नावाचा घास गच्चीवर ठेवला होता. तो कावळ्याने घेतला की नाही ते बघायला मी वर गेले नाही. तुला तो पोचला नसेल, मन्नी, बाटलेलं अन्न म्हणून तू तोंड फिरवलं असशील, तर उपाशी राहा. पुढच्या मासिकालाही मी वैदेहीला शिवणार आहे.